व्हिडिओ गेम : नवशिक्यांस चार शब्द

शाळेच्या वार्षिकात थोरांची चरित्रे, आकाशातील ग्रहतारे, आरोग्याचे नियम असे विषय यावयाचे, ही रूढी आहे. त्यात शिक्षकाने व्हिडिओ गेमवर पाठ लिहावा, हे पुष्कळ पालकांस चमत्कारिक वाटेल. परंतु ज्या गोष्टीने आमच्या विद्यार्थ्यांचे रिकामे तास व्यापून टाकले आहेत, तिच्याविषयी शिक्षकाने मौन धरावे हे आम्हांस योग्य वाटत नाही. शिवाय हा पाठ लिहिण्यास आम्हांस एक कारण घडले आहे, ते प्रथम सांगितले पाहिजे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. सोयाबीन विकून घरोघर चार पैसे आले होते. नववीच्या वर्गात नेहमी पुढच्या बाकावर बसणारा एक मुलगा एकाएकी शेवटच्या बाकावर जाऊन बसू लागला. विचारले की प्रकृती बरी नाही म्हणे. महिना गेला. मग एके दिवशी त्याचे वडील हरभऱ्याचे बियाणे आणावयास दुकानी गेले असता खात्यात पैसे नसल्याचे त्यांस कळले, आणि सर्व प्रकार उघडकीस आला. मुलगा वडिलांच्या मोबाइलवर एक नेमबाजीचा खेळ खेळत असे. त्या खेळातील पोशाख व हत्यारे घेण्यासाठी, आज वीस तर उद्या पन्नास असे करीत, त्याने तीन हजारांवर रुपये खर्चून टाकले होते. मोबाइलचा पिन त्यालाच ठाऊक होता, कारण वडिलांचे सारे व्यवहार तोच करून देई.

आम्ही त्यास जवळ बोलावून विचारले, “अरे, पहिल्याच दिवशी येऊन मला का सांगितले नाहीस?”

तो खाली पाहून म्हणाला, “सर, तुम्हीच तर प्रार्थनेच्या वेळी सांगितले होते, गेम खेळणारा मुलगा कामातून गेला म्हणून. मग तुम्हांला कसे सांगणार?”

ह्या उत्तराने आमची मान खाली गेली. ज्या गोष्टीचे आम्हांस अक्षरही ठाऊक नव्हते, तिचा आम्ही भर सभेत निकाल लावला होता. आणि त्या निकालाच्या भीतीने एक मूल महिनाभर आपले दुःख एकट्याने वाहत राहिले होते. तेव्हा आम्ही ठरविले की, आधी शिकावे आणि मग शिकवावे. त्याच्या वडिलांच्या अनुमतीने त्याच मुलास व त्याच्या एका मित्रास आम्ही गुरू केले. शनिवारी सकाळची शाळा सुटली की, हे दोघे आमच्या घरी येत आणि चाळिशी उलटलेला त्यांचा शिक्षक त्यांच्यापुढे विद्यार्थी होऊन बसे. त्या शिकवणीत जे हाती लागले, ते नवशिक्या मुलांच्या व त्यांच्या पालकांच्या उपयोगी पडावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

खेळ जुना, पट नवा

पटावरील खेळ आपल्या लोकांस नवे नाहीत. महाराष्ट्रातील कित्येक प्राचीन लेण्यांच्या व देवळांच्या दगडी फरशीवर सोंगट्यांच्या व कंकरांच्या खेळांची घरे कोरलेली आढळतात. बुद्धिबळाचा पूर्वज जो चतुरंग, तो ह्याच देशातला. सापशिडीचे मूळ जो मोक्षपट, त्याचा संबंध ज्ञानदेवांशी जोडणारी परंपरा महाराष्ट्रात आहे. सद्गुणाच्या शिडीने वर जावे आणि दुर्गुणाच्या सापाने खाली यावे, असा तो खेळाच्या रूपाने दिलेला पाठच होता.

ह्या पटास विजेची जोड मिळाली, ती अलीकडे. १९५८ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन येथील प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम ह्या शास्त्रज्ञाने, भेटीस येणाऱ्या लोकांचे मन रमावे म्हणून, एका लहानशा पडद्यावर टेनिसचा खेळ करून दाखविला. १९७२ साली ‘पाँग’ नावाचा तशाच तऱ्हेचा खेळ बाजारात आला आणि ह्या धंद्याचा पाया पडला. आमच्या बालपणी टीव्हीस जोडावयाचा व्हिडिओ गेम अमरावतीतील एखाद्या सधन घरी असे. त्याच्या कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले असे, आणि आत पाहावे तो तेच पाच-पंचवीस खेळ नावे बदलून पुनःपुन्हा येत. आम्ही तो खेळ दाराआडून पाहिला होता; हातात कधी आला नव्हता.

चांगला खेळ हा चांगला शिक्षक असतो

आमच्या गुरुद्वयापैकी एकाच्या मामांकडे असा एक जुना संच निघाला, आणि आमचा श्रीगणेशा त्यावरच झाला. खेळ होता ‘सुपर मारिओ ब्रदर्स’. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८५ साली तो काढला. शिगेरू मियामोतो व ताकाशी तेझुका हे त्याचे मुख्य रचनाकार. आमचे तीन जीव तीन मिनिटांत संपले आणि मुले पोट धरधरून हसली. परंतु पुढे आम्ही त्याच पहिल्या पायरीकडे शिक्षकाच्या दृष्टीने पाहू लागलो, तेव्हा थक्क झालो.

पडद्यावर सूचनेचा एक शब्द नाही. मारिओ डाव्या बाजूस उभा असतो व उजवीकडे मोकळी जागा असते. म्हणून खेळणारा आपोआप उजवीकडे चालू लागतो. थोड्याच अंतरावर एक लहानसा तपकिरी प्राणी समोरून येतो. त्यास धडकले की एक जीव जातो. पण खेळ अगदी आरंभीचाच असल्यामुळे फारसे काही बुडत नाही. दुसऱ्या वेळी खेळणारा उडी मारतो, आणि प्राण्याच्या डोक्यावर पडले तर तोच चिरडतो, हे त्यास कळते. वर प्रश्नचिन्हाच्या पेट्या असतात. त्यांतील एकीस डोक्याने ठोकले की एक अळंबे बाहेर पडते, उजवीकडे घरंगळत जाते, पुढच्या नळास आपटते आणि परत मारिओकडेच येते. शत्रू समजून ते चुकवावयास जावे तरी बहुधा ते अंगावर येतेच, आणि मग मारिओ मोठा होतो! आणखी पुढे दोन पायऱ्यांच्या मधून उडी मारावयाची असते. प्रथम मध्ये सपाट जमीन असते, तेथे चुकले तरी हानी नाही. नंतर हुबेहूब तशाच पायऱ्या येतात, पण आता मध्ये खड्डा असतो.

आधी निर्भय सराव, मग परीक्षा. आधी अनुभव, मग नियम. आम्ही अध्यापनशास्त्राच्या पुस्तकांत जे वाचले होते, ते येथे बोटांनी शिकलो. म्हणून नवशिक्यांस आमचे पहिले सांगणे हे की, जो खेळ तुम्हांस चुकू देतो, आपली चूक आपणांस दाखवितो आणि पुन्हा प्रयत्न करण्याचे मोल मागत नाही, तो खेळ आरंभास योग्य. जो चुकीची किंमत रुपयांत मागतो, तो गुरू नव्हे, दुकानदार होय.

खेळ निवडताना विचारावयाचे तीन प्रश्न

पहिला प्रश्न : हा खेळ संपतो काय? ज्या खेळास आरंभ, मध्य व शेवट आहे, तो एखाद्या कथेप्रमाणे आपणांस समाधान देऊन निरोप देतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स ह्या मंडळीने २०२० साली प्रसिद्ध केलेला ‘राजी’ हा खेळ असा आहे. दैत्यांनी पळविलेल्या आपल्या धाकट्या भावास सोडवावयास निघालेल्या एका मुलीची ती कथा असून, तिच्यातील महाल व चित्रे राजस्थानी वास्तुकलेवर व पहाडी चित्रशैलीवर बेतलेली आहेत. मात्र त्यात लढाया असल्यामुळे तो मोठ्या मुलांसाठीच आहे. ह्याच्या उलट काही खेळांस शेवटच नसतो. मॉस्कोच्या अलेक्सी पजितनोव्ह ह्यांनी १९८४ साली रचलेला ‘टेट्रिस’ घ्या. चार-चार चौकोनांच्या सात आकृती वरून पडत राहतात आणि आपण त्या बसवीत राहावयाचे. ह्या खेळाची निन्टेन्डोने १९८९ साली काढलेली आवृत्ती अखेरच्या टोकास नेऊन थांबविण्याचे काम मनुष्याच्या हातून प्रथम झाले, ते २१ डिसेंबर २०२३ रोजी. आणि ते केले अमेरिकेतील १३ वर्षांच्या एका मुलाने. खेळ निर्दोष व सुंदर आहे. परंतु जेथे खेळ स्वतः थांबत नाही, तेथे थांबण्याचे काम खेळणाऱ्यावर येते, हे ध्यानात असावे.

दुसरा प्रश्न : हा खेळ पैसे केव्हा मागतो? काही खेळ एकदा किंमत घेतात आणि पुन्हा हात पसरीत नाहीत. काही फुकट म्हणून दारात येतात आणि मग रोज मागत राहतात. काही थोडे मात्र खरोखरच फुकट असतात. बुद्धिबळासाठी ‘लिचेस’ नावाचे असे एक ठिकाण आहे. थिबो द्युप्लेसी ह्या फ्रेंच गृहस्थाने ते २०१० साली सुरू केले. नफा न घेणारी संस्था ते चालविते, आणि त्यावर ना जाहिरात, ना विक्री. साध्या मोबाइलवरही ते चालते. आमच्या मते आपल्या गावच्या मुलांनी आरंभ करावयाचा तर येथून करावा. शेजारच्या नागपूरच्या दिव्या देशमुख ह्यांनी वयाच्या १९व्या वर्षी, जुलै २०२५ मध्ये, जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला. तो चषक पटावरील बुद्धिबळाचा खरा. पण त्या पटाचा सराव आज नांदगाव खंडेश्वरच्या ओसरीवर बसून जगातील कोणाशीही करता येतो, ही लहान गोष्ट नव्हे.

तिसरा प्रश्न : ह्या खेळात आपल्यासोबत कोण आहे? एकट्याने खेळावयाचे, ओळखीच्यांशी खेळावयाचे आणि अनोळखी माणसांशी बोलत बोलत खेळावयाचे, असे खेळांचे तीन वर्ग आहेत. शंभर खेळाडू एका बेटावर उतरून शेवटच्या जिवंत माणसापर्यंत लढतात, असे खेळ तिसऱ्या वर्गातले. बहुतेक मुले आरंभ तेथूनच करतात, कारण मित्र तोच खेळ खेळत असतात. आणि आमच्या मते तेथून आरंभ करणे हीच पहिली चूक. पोहणे शिकावयास कोणी पुरात उतरत नाही. पुढे त्या खेळांकडे वळलात तरी अनोळखी माणसास आपले नाव, शाळा, छायाचित्र वा दूरध्वनी क्रमांक सांगू नये, आणि कोणी सभ्यता सोडून बोलू लागला की त्याचा आवाज बंद करण्याची सोय खेळात असते, ती खुशाल वापरावी.

खेळावयास बसताना

खेळात सोपी व कठीण अशा पायऱ्या असतील तर सोपी निवडावी. त्यात कमीपणा नाही. आम्हांस पहिले दोन शनिवार डावा अंगठा चालण्यास व उजवा उडीस, एवढेच साधले नाही. एकच जागा दहा वेळा अडली तर उठावे. पुष्कळदा दुसऱ्या दिवशी ती पहिल्याच प्रयत्नात सुटते, हा आमचा अनुभव आहे. कोठे थांबावयाचे हे बसण्यापूर्वीच ठरवावे, आणि ते घड्याळाच्या काट्यापेक्षा खेळाच्या टप्प्याने ठरविणे सोपे जाते : ‘हे दोन डाव’, ‘ही एक लेव्हल’. दर वीस मिनिटांनी निदान वीस सेकंद वीस फुटांपलीकडे दृष्टी न्यावी. डोळ्यांस विसावा मिळतो. अंथरुणात पडून खेळू नये. अभ्यासाचे व झोपेचे तास खेळास कधीही उसने देऊ नयेत. ते परत येत नाहीत.

ज्यांस ह्या विद्येत खरी गोडी वाटेल, त्यांनी खेळण्याबरोबर खेळ रचूनही पाहावा. अमेरिकेतील एमआयटी ह्या विद्यापीठाने २००७ साली मुलांसाठी ‘स्क्रॅच’ नावाचे साधन काढले, ते विनामूल्य आहे. रंगीत ठोकळे एकमेकांस जोडीत गेले की त्यावर लहानसा खेळ तयार होतो. स्वतः एक खेळ रचला म्हणजे दुसऱ्याच्या खेळातील युक्त्या डोळ्यांस दिसू लागतात.

पैशांचा पाश

त्या युक्त्या कोणत्या, हे आमच्या विद्यार्थ्याने आम्हांस स्वतः दाखविले. खेळात रुपये दिसत नाहीत; आधी रुपये देऊन नाणी किंवा हिरे घ्यावयाचे, आणि मग हिरे खर्चावयाचे. त्यामुळे खर्च हा खर्च वाटत नाही. हिऱ्यांच्या पुडक्या अशा मापाच्या असतात की वस्तू घेऊन थोडे हिरे उरतात, आणि ते वाया जाऊ नयेत म्हणून आणखी घ्यावेसे वाटते. रोज आले तर बक्षीस, एक दिवस चुकला तर नुकसान. आणि सर्वांत वाईट ती बंद पेटी : पैसे आधी द्यावयाचे, आत काय निघेल हे उघडल्यावर कळावयाचे. यात्रेतील चक्रावर चार आणे लावणारास जी हुरहूर लागते, तीच ही. बेल्जियम देशाने २०१८ साली काही खेळांतील अशा विकतच्या पेट्यांस जुगार ठरविले.

पैसे लावून पैसे जिंकण्याचे जे खेळ, त्यांविरुद्ध आपल्या संसदेने २०२५ साली कायदा केला; २२ ऑगस्ट २०२५ रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. असे खेळ चालविणे व त्यांची जाहिरात करणे त्याने निषिद्ध केले आहे. परंतु पालकांनी एक ध्यानात ठेवावे : खेळातील पोशाख किंवा हिरे विकत घेणे म्हणजे पैसे लावणे नव्हे, म्हणून ते त्या कायद्याच्या बाहेर राहते. तेथे घरच्यांनीच दार लावले पाहिजे. मोबाइलवर प्रत्येक खरेदीस पासवर्ड मागण्याची व्यवस्था करता येते, ती करावी. बँकेचा पिन मुलास सांगू नये. मूल व्यवहार करून देत असले तरी पिन वडीलधाऱ्यांनी स्वतः दाबावा. आणि कोणी हिऱ्यांचे आमिष दाखवून पैसे काढून घेतले असतील, तर लाजून बसू नये. सरकारने ह्यासाठी १९३० हा क्रमांक ठेवला आहे, त्यावर तत्काळ कळवावे.

पालकांस विनंती

खेळ मोबाइलवर घेण्यापूर्वी त्याच्या नावाजवळ ३, ७, १२, १६ किंवा १८ असा आकडा दिसतो. तो किमान वयाचा निर्देश आहे; तेवढा तरी पाहावा. मुलाच्या हातून मोबाइल डाव चालू असता हिसकावून घेऊ नये. सोबत्यांसह खेळावयाच्या डावात एकजण गेला की बाकीच्यांचाही डाव बिघडतो, आणि मुलाचा राग केवळ हट्टाचा नसतो. “हा डाव केव्हा संपेल?” असे विचारावे आणि तो संपताच उठावयास लावावे. आठवड्यातून एकदा शेजारी बसून, “मला दाखव बरे, तू काय करतोस,” असे म्हणावे. एवढ्याने जे कळते, ते दहा दिवसांच्या चौकशीने कळत नाही.

प्रत्येक खेळणारे मूल बिघडलेले नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या ज्या वर्गीकरणाचा अंमल १ जानेवारी २०२२ पासून सुरू झाला, त्यात खेळाच्या विकाराची तीन लक्षणे सांगितली आहेत : खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व आवडी व कर्तव्ये मागे पडून खेळच पुढे येणे, आणि हानी दिसत असताही खेळ चालूच राहणे. ही अवस्था सामान्यतः वर्षभर टिकून असेल व तीमुळे अभ्यास, घर व स्नेहसंबंध ह्यांचे खरोखर नुकसान होत असेल, तर तो विकार समजावा व वैद्याचा सल्ला घ्यावा. सुटीत दोन दिवस अधिक खेळला म्हणून मुलास रोगी ठरवू नये.

मैदान मात्र सुटता कामा नये. आपल्या जिल्ह्याला ह्याचे निराळे सांगावयास नको. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली स्थापन झाले, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या खेळाडूंनी तेथे कबड्डी व मल्लखांब करून दाखविले. पडद्यावरचा मारिओ कितीही उंच उडाला तरी आपले पाय जागच्या जागीच असतात. संध्याकाळ आट्यापाट्यांस व कबड्डीस द्यावी, आणि उरल्यास पडद्यास.

ज्या मुलाच्या कथेने आरंभ केला, त्याच्याविषयी दोन शब्द लिहून पुरे करतो. वडिलांचे पैसे त्याने पुढील उन्हाळ्यात काम करून थोडे थोडे फेडले. उरलेले वडिलांनी सोडून दिले. तो अद्याप खेळतो. आम्हांस बुद्धिबळात हरवितोही. गेल्या महिन्यात एका शनिवारी पट मांडता मांडता तो आपण होऊन म्हणाला, “सर, काल ती पेटी उघडायचे फार मनात आले होते. बोट बटणावर गेले होते.”

“मग?”

“मग म्हटले, उद्या शनिवार आहे, सरांना सांगू. आणि मोबाइल बाबांजवळ देऊन टाकला.”

आम्ही त्यास उपदेश केला नाही. पांढरी मोहरी त्याच्याकडे सरकविली आणि म्हणालो, “चल, तुझी खेळी.”